बेगमपेठची तारे टिपणारी दुर्बीण

हैदराबादला सहलीला गेलेली मंडळी चारमिनार, गोवळकोंडा, सालारजंग पाहून परततात. बेगमपेठेत जाऊन निजामिया वेधशाळेची चौकशी करणारा विरळाच. नवाब जफर जंग या उमरावाने १९०१ मध्ये स्वखर्चाने ती काढली. त्याच्या मृत्यूनंतर १९०८ मध्ये ती निजाम सरकारकडे गेली व बेगमपेठेत आली. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत त्याच राज्यात होता. म्हणजे आजोबा-पणजोबांनी भरलेला शेतसाराही त्याच खजिन्यात जात होता!

दुर्बीण म्हटली की डोळा लावायची नळी आठवते. येथील कुक कंपनीची ८ इंची दुर्बीण तशी नव्हती. डोळ्याच्या जागी फोटोची काच. मोठी दुर्बीण आकाशाचा चिमुकला तुकडा मोठा करून दाखवते, हिला मात्र रुंद तुकडा एकदम टिपायचा असतो. एका काचेवर सुमारे २ अंश लांब, २ अंश रुंद आकाश. पौर्णिमेचे चार चंद्र एका ओळीत मावतील एवढे. शिवाय कडेचा ताराही ठिपक्यासारखा उमटला पाहिजे, त्याला शेपूट फुटता कामा नये. खरी कसोटी तिथेच. पृथ्वी फिरते, म्हणून घड्याळी यंत्राने नळी ताऱ्यामागे फिरवायची, आणि जोडदुर्बिणीतून माणसाने एक तारा फुलीवर धरून बसायचे. रात्रपाळीच म्हणा ना!

सारे आकाश असे टिपायचे, हे १८८७ मध्ये पॅरिसच्या परिषदेत ठरले. सुमारे वीस वेधशाळांनी आकाशाचे पट्टे वाटून घेतले. चिलीतल्या सांतियागोचा दक्षिणेकडील १७ ते २३ अंशांचा पट्टा पुढे हैदराबादकडे आला.

काच धुतली की काम संपले असे नाही. एकेक ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, आकडा वहीत उतरवायचा, ताळा पाहायचा. आम्हा कारकुनांना हे सांगायला नको. व्हॅटिकनमध्ये १९१० ते १९२१ या काळात चार नन्सनी ४,८१,२१५ तारे असे मोजले, पण त्यांची नावे जगापुढे आली ती २०१६ मध्ये! हैदराबादच्या इतिहासात चॅटवुड, पोकॉक, भास्करन हे संचालक भेटतात. मोजणाऱ्या हातांची नावे कुणी शोधील काय?

तारा आपल्या जागेवरून किती सरकला, हे जुनी जागा ठाऊक असेल तरच कळते. म्हणूनच २००० मध्ये हिप्पार्कोस उपग्रहाच्या नोंदींशेजारी हे जुने आकडे मांडून टायको-२ ही सुमारे २५ लाख ताऱ्यांची यादी तयार झाली. त्या आकड्यांत बेगमपेठचेही आहेत.