मिरकरवाड्याची होडी

रत्नागिरीस गेलेला पाहुणा आधी थिबा राजवाडा पाहतो. मीही पाहिला. ब्रह्मदेशच्या या पदच्युत राजाला इंग्रजांनी १८८६ साली रत्नागिरीत आणून ठेवले आणि त्याचा राजवाडा उभा राहण्यास १९१० साल उजाडले. पुढे सहा वर्षांतच बिचारा वारला. सरकारी बांधकामाच्या या गतीचा विचार करीत मी संध्याकाळी मिरकरवाड्याला उतरलो, तो तेथे दुसरेच बांधकाम चाललेले!

ही गोष्ट २०१९ च्या मे महिन्यातली. भगवती किल्ल्याच्या डोंगराच्या आडोशाला हे बंदर आहे. धक्क्यावर ट्रॉलरांची दाटी, बर्फाच्या गाड्या, टोपल्या घेऊन घासाघीस करणाऱ्या बायका, आणि या साऱ्यावर पसरलेला तो वास, ज्याची पहिल्या दहा मिनिटांत किळस येते आणि अकराव्या मिनिटाला भूक लागते. एका बाजूला वाळूवर एका होडीचा सांगाडा उभा होता. मी जो थबकलो तो चार दिवस तेथेच जात राहिलो.

वाचकहो, आधी माझी लायकी सांगतो. मी शाळेत भूमिती शिकवतो. पण आमच्या घरी खिळा ठोकायचा झाला तर बायको शेजाऱ्यांना हाक मारते. एका दिवाळीत मी हट्टाने भिंतीला फळी बसवली. नरकचतुर्दशीच्या पहाटे ती लाडवांच्या डब्यासह खाली आली. तेव्हापासून हातोडी आमच्याकडे कुलपात असते.

आणि इथे सत्तरीचे एक मिस्त्री कागदावर एक रेघही न ओढता होडी उभी करीत होते! तळाचा लांब सागवानी कणा, पुढे वर उसळलेली नाळ, मग एकेक फळी. बरगड्यांसाठी मुळातच वाकडी वाढलेली लाकडे निवडून घेतली होती. मी कोन विचारला. ते म्हणाले, "कोन कसला मास्तर? लाकूडच सांगतं." फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवलेला कापूस छिन्नीने ठोकून बसवत. त्या ठोक्याचा आवाज बदलला की सांधा भरला असे समजायचे. मी तासभर कान लावला, मला सगळे ठोके सारखेच वाटले.

होडीचा मालक तिशीतला तरुण होता. बायकोचे दागिने गहाण टाकून त्याने लाकूड आणले होते. पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपायची. त्याच्या आत होडी तयार झाली नाही, तर हंगामाची सुरुवातच हातची जाणार. तो रोज येई, फळ्या मोजी, आणि काही न बोलता जाई.

चौथ्या दिवशी एक माणूस कमी पडला. फळी भिजवून जाळावर तापवायची आणि गरम आहे तोवर दोर ओढून वळवायची, असे ते काम. मिस्त्रींनी सहज दोराचे टोक माझ्या हाती दिले. मला कोण आनंद! पण धूर डोळ्यांत गेला, मी एक हात सोडला, आणि दोर निसटला. फळी काडकन् तडकली.

कोणी काही बोलले नाही. तेच फार वाईट. मालक त्या चिरेकडे पाहत होता. मी खिशात हात घातला, तेव्हा मिस्त्री म्हणाले, "पैसे ठेवा मास्तर. टोक धरा." त्यांनी फळीवर बोट फिरवले, चीर जिथे संपत होती त्याच्या वीतभर पुढे खूण केली आणि ती कापली. चांगला तुकडा मागच्या बाजूला, जिथे आखूड फळी लागणारच होती, तिथे बसवला. उरलेल्याचे काय केले ते विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

दुसऱ्या वर्षी जानेवारीत मी पुन्हा गेलो. होडी धक्क्याला लागली होती. निळा रंग, नाळेला झेंडूची सुकलेली माळ. मालक बांगड्यांच्या टोपल्या वर देत होता. मला पाहून हसला. मी वाकून मागच्या बाजूला माझी फळी शोधू लागलो. मिस्त्री शेजारी जाळ्यावर बसले होते.

"शोधू नका मास्तर," ते म्हणाले. "पाणी तिथून नाय येत."