पाचवा जिन्नस

गोव्याचे उर्राक साधारणपणे मार्च ते मे एवढेच महिने मिळते. काजूच्या बोंडांचा आंबवलेला रस भट्टीवर एकदा गाळला की उर्राक, आणि तेच पुन्हा गाळले की फेणी. फेणी वर्षानुवर्षे टिकते. उर्राक टिकत नाही, म्हणून ते प्यायचे तर त्या ऋतूत गोव्यालाच जावे लागते. बुलढाणा जिल्ह्यात एप्रिलच्या अखेरीस दुपारचे रस्ते ओस पडतात. अशाच एका एप्रिलमध्ये आम्ही दोघे सत्तरी तालुक्यातील एका स्नेह्यांकडे पाहुणे म्हणून गेलो. त्यांनी पेल्यात उर्राक ओतले, लिंबू पिळले, चिमूटभर मीठ टाकले, उभी चिरलेली हिरवी मिरची सोडली आणि वरून लिम्का ओतली.

आम्ही मनातल्या मनात जिन्नस मोजले, ते पाच भरले. ‘पंच’ हे जे साहेबांचे मिश्र पेय, त्याचे नाव आपल्या ‘पाच’वरून आले, असे जॉन फ्रायर या इंग्रज प्रवाशाने सतराव्या शतकातच लिहून ठेवले आहे, आणि तेही गोव्याच्या नेरूळ येथील मद्याची वाखाणणी करताना. भाषाशास्त्रज्ञांना ही व्युत्पत्ती सर्वस्वी मान्य नाही. आम्हांला मात्र त्या ओसरीवर ती पटली. चव सांगायची तर आधी पिकलेल्या बोंडाचा उग्र दर्प, मग मीठ-लिंबू, आणि घोट उतरून गेल्यावर सावकाश येणारी मिरची.

दुसऱ्या दिवशी बोंडे तुडवण्याची जागा पाहिली. तुडवून उरलेल्या लगद्यावर वजन ठेवले की जो रस आपोआप ठिबकतो त्याला नीरो म्हणतात. तो न आंबवताच पितात, लहान मुलांनाही देतात. फेणी हा शब्द ‘फेण’ म्हणजे फेस यावरून आल्याचे स्नेह्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात संकोचाचा लवलेश नव्हता. असायचे कारणही नव्हते. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि २०१६ मध्ये गोवा सरकारने कायद्यात बदल करून फेणीला ‘देशी दारू’च्या वर्गातून काढून वारसापेय ठरवले. काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणलेले. चार-साडेचार शतकांत परक्या झाडाचा वारसा होऊ शकतो, याचे आम्हांला कौतुकच वाटले.

परतीच्या प्रवासात मात्र आम्हांला आमचे झाड आठवत राहिले. जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांच्या डोक्यावर सातपुडा आहे आणि त्या पायथ्याला मोह आहे. तो येथलाच. चरकसंहितेत फुलांपासून केलेल्या आसवांची जी यादी आहे, तीत मधूक आहे. मधूकाचा महुआ आणि मोह झाला. (मनाला पडणारा मोह वेगळ्या धातूचा. हे दोन शब्द मराठीत योगायोगाने एकत्र आले आणि मोहाच्या झाडाची नाहक बदनामी झाली.) त्याच्या फुलांवर मुंबई इलाख्यात १८९२ साली एक खास कायदाच झाला. वऱ्हाड तेव्हा त्या इलाख्यात नव्हते. पण १९४९ चा दारूबंदी कायदा पुढे आम्हांलाही लागू झाला. गोव्यातील भट्टीला परवाना असतो आणि ती पाहायला पर्यटक जातात. आमच्या डोंगरातील भट्टीची बातमी ‘हातभट्टीवर छापा’ या मथळ्याखाली येते. डोंगर ओलांडला की मध्य प्रदेश लागतो. तेथील शासनाने २०२२ मध्ये हीच दारू ‘हेरिटेज’ म्हणून विकण्याचे धोरण आणले.

आम्ही मोहाच्या दारूचे गोडवे गाणार नाही. ज्या घरातील मजुरी गुत्त्यावर संपते त्या घरातील बाईला वारसा वगैरे शब्द ऐकवण्याचा अधिकार आम्हांला नाही. शिवाय हातभट्टी म्हणून जे विकले जाते त्यात पुष्कळदा मोहाचे एक फूलही नसते, काळा गूळ आणि नवसागर असतो. आमचा आक्षेप भाषेपुरता आहे. ‘देशी’ हा शब्द तुपाला आणि गाईला लावला की भाव वाढतो, दारूला लावला की माणूस हलका ठरतो. उलट ‘भारतीय बनावटीचे विदेशी मद्य’ ही वदतोव्याघाताची नमुनेदार संज्ञा शासकीय कागदावर निर्वेधपणे नांदते. अलंकार शिकवताना आम्ही हे उदाहरण वर्गात वापरीत नाही, एवढेच.

उर्राक घरी आणणे शक्य नव्हते. परराज्यातील मद्य विनापरवाना आणता येत नाही आणि आणले असते तरी ते टिकले नसते. म्हणून पुढच्या मार्चमध्ये एका परिचितांच्या शेताच्या धुऱ्यावरील मोहाखाली आम्ही भल्या पहाटे गेलो. मोहाची फुले रात्री उमलतात आणि पहाटे गळतात. उजाडेपर्यंत खाली फिकट पिवळी पखरण झाली होती. ओंजळभर फूल तोंडात टाकले तर मनुकेसारखे गोड, आणि मागून एक कस्तुरीसारखा जड वास. फुले निवडली, धुतली, चार तास पाण्यात ठेवून कुस्करली आणि फडक्यातून गाळली. हा आमचा नीरो. त्यात लिंबू, मीठ, मिरची आणि सोडा घातला. जिन्नस पाच झाले, पण पेय उर्राक झाले नाही. मोहाच्या गोडव्याला लिंबू सोसते, मिरची सोसत नाही. वास मात्र इतका वरचढ की बैठकीत कोणी आले असते तर आमच्याविषयी नक्कीच गैरसमज झाला असता.

आईला पेला दिला. तिचे माहेर जळगाव जामोदकडचे. तिने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवला.

“हे त गरिबाचं जेवन होय, बाप्पा,” ती म्हणाली.

१९७२ च्या दुष्काळात त्यांच्या गावाजवळ रस्त्याचे काम निघाले होते. कामावर सुकडी मिळे. ती संपली की डोंगरातून आलेल्या बायका वाळलेली मोहफुले उकडून लेकरांपुढे ठेवीत. आईने तेव्हा मैत्रिणीच्या ताटलीतून ती खाल्ली होती आणि घरी आल्यावर आजीने तिला अंघोळ घातली होती. वास येतो म्हणून की डोंगरातल्यांचे खाल्ले म्हणून, हे आईने सांगितले नाही, आम्हीही विचारले नाही. दुसरा पेला तिने मागून घेतला, मीठ-मिरची न घालता.

उरलेले पाणी ओट्यावर झाकून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी झाकण काढले तो वर बारीक फेस आलेला. आईने भांडे उचलले आणि परसातील कडुनिंबाच्या बुंध्याशी रिकामे केले.