दाखल क्रमांक नसलेली पुस्तकं

सदाशिव पेठेतल्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी शिकवते आणि वाचनालयही सांभाळते. प्राथमिक शाळेला स्वतंत्र ग्रंथपाल सहसा मिळत नाही. ज्या बाईंना वाचायची आवड आहे असं एकदा उघडकीला येतं, त्यांच्याकडे कपाटाच्या किल्ल्या येतात. प्रत्येक शाळेत वाचनालय हवं, असं शिक्षण हक्क कायद्यात २००९ साली आलं. आमचं त्याच्या कितीतरी आधीपासूनचं. जिन्याखालची खोली, लोखंडी कपाटं, एक सतरंजी. माजी विद्यार्थ्यांनी दिलेले टॅब आता त्यातल्याच एका कपाटात कुलुपात असतात.

पेठेतली शाळा म्हटली की लोकांना वाड्यातली मुलं आठवतात. वाड्यांच्या जागी इमारती आल्या आणि पेठेची नातवंडं इंग्रजी माध्यमात नाहीतर परदेशात गेली. आमच्याकडे येतात ती पर्वती पायथा, दांडेकर पूल, दत्तवाडीकडची मुलं. घरात चांगला फोन एकच. तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जातो आणि रात्री आठनंतर परत येतो, तेव्हा दिवसाचा डेटाही संपत आलेला असतो. मुलांच्या ऑनलाइन शिक्षणावरची भाषणं ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे हा आठनंतरचा अर्धा तास असतो.

मार्च २०२०मध्ये शाळा बंद झाल्या आणि पालकांच्या गटांवर लिंकांचा पाऊस सुरू झाला. गंमत अशी, की राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद आमच्याच पेठेत, कुमठेकर रस्त्यावर आहे. तिथे तयार झालेली अभ्यासमाला राज्यभर जायची आणि गटागटांतून फिरत, कधी कुठल्या तरी लांबच्या जिल्ह्यातल्या गुरुजींच्या नावासकट, आमच्याकडे पोचायची. साहित्य भरपूर होतं, पण ते बघायला घरात फोन कुठे होता? २० जुलै २०२०पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ सुरू झाली, एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची. टीव्ही बहुतेक घरांत होता. त्या वर्षी आमच्या मुलांनी ‘काल बघितलं’ म्हणून काही सांगितलं असेल, तर ते बहुधा टिलीमिलीतलं.

शाळा पुन्हा भरली तेव्हा वाचनालयात मी एक नियम केला. एका मुलाला आठवड्याला एकच लिंक, आणि तीही पुस्तकासारखी देवघेवीच्या वहीत नोंदवून. जुन्या पुस्तकांच्या आतल्या खिशांतली जाड कार्डं शिल्लक होती. त्यांवर गोष्टीचं नाव लिहिलं, क्यूआर कोड छापून चिकटवला. मूल शुक्रवारी कार्ड घरी नेतं आणि सोमवारी परत आणतं. कार्ड हरवलं तर दुसरं तयार करायला वेळ लागत नाही, तरी मी ते मुलांना सांगत नाही.

पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा ॲपसाठी असतात. पहिल्या पावसाळ्यात दप्तर भिजलं, की कोड कामातून जातो. पण त्याच्याजवळ सहा अक्षर-अंकांचा एक संकेत छापलेला असतो, तो टाईप केला तरी तोच पाठ उघडतो. पालकसभेत हे सांगितल्यावर बरेच जण तिथेच पुस्तक उघडून बघायला लागले. अक्षरं इंग्रजी असतात, पण राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासूनच आहे. त्यामुळे पोर अक्षरं वाचतं आणि बाप टाईप करतो.

सगळ्यात जास्त कार्डं फिरतात ती गोष्टींची. प्रथम बुक्सने २०१५ साली स्टोरीविव्हर सुरू केलं. त्यावर मराठी गोष्टी वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीवर एका पानावर जेमतेम एखाददुसरं वाक्य. गोष्टी मोफत उतरवून घेता येतात, छापता येतात, भाषांतरही करता येतं. परवान्यातच तशी मुभा आहे. ज्यांच्या घरी फोन नाहीच, त्यांच्यासाठी मी त्या छापून स्टेपल करते. रंगीत छपाई परवडत नाही, म्हणून पुस्तकं काळी-पांढरी निघतात आणि पहिलीतली मुलं ती रंगवून परत करतात. एका गोष्टीतला हत्ती आता हिरवा आहे, आणि पुढच्या मुलांना तो तसाच हवा असतो.

शिकवणारे व्हिडिओ मी फारसे देत नाही. व्हिडिओ लागला की मूल गप्प होतं आणि घरही गप्प होतं. गोष्ट मात्र कुणीतरी मोठ्याने वाचतं, अडखळतं, मूल सुधारतं. तिसरीतल्या एका मुलीने मला तक्रारीच्या सुरात सांगितलं होतं, ‘बाबा वाघाच्या जागी आमच्या काकांचं नाव घालतात.’

‘किशोर’ मासिक बालभारतीने १९७१ साली सुरू केलं. तेव्हापासूनचे अंक आता मोफत ऑनलाइन आहेत. शेजारच्या इमारतीतल्या एक आजी ते वाचून दाखवायला येतात. मुलाने परदेशातून पाठवलेला टॅब त्यांच्या घरी पडून होता, तो घेऊनच येतात. लहानपणी वाचलेला अंक सापडला त्या दिवशी त्यांनी तास संपल्याची घंटाही ऐकली नाही. मुलांनी त्यातून वेगळाच उद्योग काढला. आईच्या जन्माच्या महिन्याचा अंक शोधायचा. मग जन्मतारीख नीट माहीत हवी, म्हणून घरी विचारपूस. एका आईने फोन करून विचारलं, ‘बाई, शाळेला माझा जन्मदाखला कशाला हवाय?’

या सगळ्याची नोंद कुठे करायची, हा प्रश्न वर्षअखेरीच्या साठातपासणीला येतो. दाखल नोंदवहीत क्रमांक, लेखक, प्रकाशक, पृष्ठं, किंमत, बिल असे रकाने आहेत. छापून स्टेपल केलेल्या पुस्तकाला बिल नाही, आणि कार्डाला पृष्ठं नाहीत. मी वेगळी वही केली आणि किमतीच्या रकान्यात ‘मोफत’ लिहिलं. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, मोफत वस्तू निर्लेखित कशी करणार? त्यावर अजून उत्तर नाही, वही मात्र भरत चालली आहे.

यंदा कार्डांची निवड चौथीच्या मुलांकडे दिली आहे. ती गुरुवारी मधल्या सुट्टीत टॅबवर गोष्टी उघडून बघतात: नेट बंद केल्यावर चालते का, अक्षर मोठं करता येतं का, पानं फार आहेत का. मी दिलेल्या यादीतल्या दोन गोष्टींवर त्यांनी काट मारली. एकीपुढे लिहिलं होतं, ‘यात काहीच होत नाही.’ आणि दुसरीपुढे, ‘शेवटी बाईंसारखं बोलतात.’