रॉटरडॅमच्या वेशीवर

नेदरलँड्स ऊर्फ हॉलंड देशास आमच्याकडील जे प्रवासी जातात, ते बहुधा ट्यूलिप फुलांचे ताटवे, पवनचक्क्या आणि ॲम्स्टरडॅमचे कालवे पाहून परत येतात. हीं स्थळें पाहण्यासारखीं आहेत यांत संशय नाहीं. परंतु त्यांचीं वर्णनें इतक्या वेळां छापून आलीं आहेत कीं, त्यांत आम्ही नवी भर ती काय घालणार? आमचे पुतणे डेल्फ्ट येथें नोकरीस आहेत. त्यांच्या आग्रहावरून आम्ही उभयतां महिनाभर तिकडे राहून आलों. त्या मुक्कामांत आमच्या मनावर ठसा उमटला तो हेग आणि रॉटरडॅम या दोन शहरांच्या सान्निध्याचा. आगगाडीनें हें अंतर अवघें अर्ध्या तासाचें. परंतु पहिल्या शहरीं कोकेनच्या व्यापारास आळा घालणारा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला; आणि दुसऱ्या शहरीं, त्या गोष्टीस शतक लोटून गेल्यावरहि, तेंच कोकेन टनांच्या मापानें उतरत असतें. हें असें कां व्हावें, याचा विचार करीत आम्ही दोन्ही शहरें हिंडलों. त्या विचाराचें फळ वाचकांपुढें ठेवीत आहों.

हेग ही राजधानी नव्हे. तथापि डच सरकारचीं खातीं, पार्लमेंट आणि परदेशांच्या वकिलाती तेथेंच आहेत. रस्ते रुंद, झाडी दाट, आणि लोकांच्या चालण्याबोलण्यांत एक प्रकारचा कचेरीचा संथपणा. आंतरराष्ट्रीय न्यायालय ज्यांत भरतें तें उंच मनोऱ्याचें शांतिमंदिर १९१३ सालीं उघडलें. त्याच्या आदल्याच वर्षीं, २३ जानेवारी १९१२ रोजीं, याच नगरींत जमलेल्या बारा राष्ट्रांच्या परिषदेंत आंतरराष्ट्रीय अफूकरार झाला. नांव अफूचें असलें तरी मॉर्फीन आणि कोकेन यांचाहि त्यांत समावेश होता. हीं द्रव्यें त्यांत घालावीं असा आग्रह ब्रिटिश सरकारनें धरिला. स्वतःच्या अफूच्या व्यापारावरील जगाची नजर दुसरीकडे वळावी, हा हेतु त्यांत नव्हता असें नाहीं. पण त्याचें दुसरें कारण आपल्या देशाशीं निगडित होतें.

त्या काळीं युरोपांतील, विशेषतः जर्मनींतील, कारखान्यांत तयार झालेलें कोकेन चोरवाटेनें मुंबई व कलकत्ता या बंदरांत येई, आणि शहरांतील व्यसनी माणसें तें विड्यांत घालून खात. परवान्यावांचून विक्री करण्यास बंदी झाली, धाडी पडल्या, शिक्षा झाल्या. परंतु माल थांबेना. थांबावा कसा? कायदा येथला आणि कारखाना सातासमुद्रांपलीकडला! एका देशाच्या कायद्यानें दुसऱ्या देशाच्या कारखान्यास कुलूप घालतां येत नाहीं, हा धडा ज्या ठिकाणांच्या अनुभवानें जगास मिळाला, त्यांत आपली मुंबईहि एक होती. मुंबईचें हें नातें ठाऊक असल्यामुळें हेगच्या रस्त्यांतून चालतांना तें शहर आम्हांस अगदींच परकें वाटलें नाहीं.

याहून चमत्कारिक गोष्ट खुद्द यजमान राष्ट्राची. करार झाला त्या वेळीं हॉलंड स्वतः या धंद्यांत पुरतें गुंतलेलें होतें. डचांच्या ताब्यांतील जावा बेटावर कोका नांवाच्या झुडपाचे मळे होते. त्याचीं वाळलेलीं पानें जहाजांत भरून येत, आणि ॲम्स्टरडॅम येथें १९०० सालीं निघालेल्या कारखान्यांत त्यांपासून कोकेन काढीत. हा धंदा तेव्हां उजळ माथ्याचा होता. आल्बर्ट नीमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञानें १८६० च्या सुमारास हें द्रव्य पानांतून निराळें केलें. १८८४ सालीं कार्ल कोलर या नेत्रवैद्यानें त्याच्या थेंबांनीं डोळा बधिर होतो असें दाखविलें, आणि तोंवर असह्य यातना देणारी डोळ्याची शस्त्रक्रिया सुसह्य झाली. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताचे रहिवासी तर हीं पानें हजारों वर्षें चघळीत आलेले आहेत. थकवा आणि भूक सहन करण्यास तीं साह्य करतात. बोलिव्हिया देशानें २०१३ सालीं आंतरराष्ट्रीय करारांत पुन्हा प्रवेश केला तो आपल्या लोकांचा पान चघळण्याचा हक्क राखून ठेवूनच. पान निराळें आणि पूड निराळी. एकच वस्तु मात्रेनें औषध आणि अतिरेकानें विष होते, हें आयुर्वेद मानणाऱ्या घरांत फोडून सांगावयास नको.

हेगचा करार पहिल्या महायुद्धामुळें रेंगाळला. १९१९ च्या तहांत त्याचा अंतर्भाव झाला तेव्हां कोठें तो बहुतेक राष्ट्रांस बंधनकारक ठरला. पुढें १९६१ आणि १९८८ सालीं संयुक्त राष्ट्रांचे करार झाले. शेवटच्या करारानें चोरट्या व्यापाऱ्याची धनदौलत जप्त करण्याचा आणि राष्ट्रांनीं एकमेकांच्या तपासास साह्य करण्याचा दंडक घालून दिला. कागदावर पाहतां तटबंदी पक्की झाली. ती तटबंदी प्रत्यक्षांत कशी दिसते, हें पाहण्यासाठीं आम्ही रॉटरडॅमला गेलों.

रॉटरडॅम शहरांतून मेट्रो गाडी थेट समुद्रकांठीं हूक-व्हान-हॉलंड या गांवापर्यंत जाते. तेथें मास नदीचें पाणी १८७२ सालीं खुल्या झालेल्या कालव्यानें समुद्रास मिळतें. कांठावर वाळूंत बसलें असतां समोरून जीं जहाजें जातात, त्यांस जहाज म्हणण्यापेक्षां तरंगती पेठ म्हणणें अधिक शोभेल. त्यांवर लोखंडी पेट्यांच्या, म्हणजे कंटेनरांच्या, इतक्या उतरंडी रचलेल्या असतात कीं, मोजतां मोजतां जहाज दृष्टीआड होतें. शहरापासून समुद्रापर्यंत हें बंदर सुमारें ४० किलोमीटर पसरलेलें आहे, आणि वीस फुटी मापानें धरिल्यास तेथें वर्षास १ कोटी ३० लाखांहून अधिक कंटेनर हाताळले जातात. युरोपांतील इतर कोणतेंहि बंदर याच्या तोडीचें नाहीं.

या महासागरांतून चोरट्या मालाची पेटी निवडून काढावयाची! इक्वेडोरहून केळीं येतात. केळीं नाशिवंत, तीं फार वेळ अडकवून ठेवतां येत नाहींत. हें हेरून चोर त्यांत कोकेनचीं पुडकीं दडवितात, आणि पुष्कळदां केळींवाल्या व्यापाऱ्यास त्याची वार्ताहि नसते. माल बंदरांत उतरला कीं तो बाहेर काढण्यासाठीं आंतलाच कोणी फितूर लागतो. कंटेनर सोडविण्याचा गुप्त आंकडा विकणारे नोकर सांपडले; लांच घेऊन डोळेझांक करणारे जकातखात्याचे अधिकारीहि सांपडले आणि तुरुंगांत गेले. दक्षिण अमेरिकेंत जो माल एका किमतीस मिळतो तो युरोपांत दहा पटींहून अधिक भावानें घाऊक विकला जातो. मग फितुरीसाठीं पैसा उधळण्यास चोरास अडचण ती कसली?

सरकारनें हात जोडून स्वस्थ बसावें, असें मात्र घडलेलें नाहीं. पेटी न उघडतां आंतलें चित्र दाखविणारीं क्ष-किरणांचीं यंत्रें आहेत, वास घेणारीं कुत्रीं आहेत, जहाजाच्या तळाशीं बुडी मारून पाहणारे पाणबुडे आहेत. जकात, पोलीस, आर्थिक गुन्ह्यांचा तपास करणारें खातें आणि सरकारी वकील यांचें एक संयुक्त पथक बंदरांत काम करतें. गुप्त आंकड्याची जुनी पद्धति जाऊन तिच्या जागीं अधिक सुरक्षित व्यवस्था आली आहे. जानेवारी २०२४ मध्यें युरोपीय संघानें बंदरांची एक आघाडी उभारली, कारण एक बंदर राखिलें तर चोर दुसऱ्यांत शिरतो. या सर्वांचें फळहि दिसतें. रॉटरडॅमांत २०२१ सालीं सुमारें ७० टन कोकेन पकडलें गेलें होतें. २०२४ सालीं तो आंकडा २६ टनांच्या आसपास आला. शेजारच्या बेल्जममधील अँटवर्प बंदरांत २०२३ सालीं ११६ टन सांपडलें, तें दुसऱ्या वर्षीं ४४ टनांवर आलें.

हे आंकडे ऐकून आम्हीं समाधान व्यक्त केलें, तेव्हां आमचे पुतणे म्हणाले, “काका, कमी सांपडलें म्हणजे कमी आलें असें कशावरून?” प्रश्न मार्मिक होता. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणें २०२३ सालीं जगांत ३,७०० टनांहून अधिक कोकेन तयार झालें; इतकें पूर्वीं कधींच झालें नव्हतें. कोलंबियांत त्या वर्षीं कोकाची लागवड २,५३,००० हेक्टरांवर होती, आणि ही स्थिति तेथें वर्षानुवर्षें विमानांतून पिकांवर विषारी फवारणी करून झाल्यावरची! ती फवारणी २०१५ सालीं थांबविण्यांत आली. मोठ्या बंदरांत पहारा कडक होतांच माल लहान बंदरांकडे वळतो, किंवा भर समुद्रांत पाण्यावर टाकून होड्यांनीं उचलला जातो. फुगा एकीकडे दाबावा आणि त्यानें दुसरीकडे फुगावें, असा हा प्रकार आहे.

ॲम्स्टरडॅमच्या महापौर फेम्के हाल्सेमा यांनीं २०२४ च्या जानेवारींत उघडपणें असें मत मांडिलें कीं, बंदीनें हा व्यापार गुंडांच्या हातीं जातो. म्हणून कोकेनची विक्री सरकारी नियंत्रणाखालीं आणण्याचा विचार व्हावा. त्यांच्या उद्वेगाचें कारण समजण्यासारखें आहे. त्यांच्याच शहरीं २०१९ सालीं एका मोठ्या खटल्यांतील साक्षीदाराच्या वकिलाचा खून झाला आणि २०२१ सालीं त्याच साक्षीदाराचे सल्लागार, प्रसिद्ध वार्ताहर पेटर दे फ्रीस, यांच्यावर भर रस्त्यांत गोळ्या झाडण्यांत आल्या. तथापि त्यांचें मत आम्हांस पटत नाहीं. वेशींतून चोर शिरतो म्हणून वेसच काढून टाकावी, हा न्याय गांवास मानवणारा नव्हे. पण नुसत्या वेशीच्या भरंवशावर गांवानें झोंपी जावें, हेंहि तितकेंच अनर्थकारक होय. आणि त्याचें कारण आम्हांस बंदरांत नव्हे, तर पुतण्यांच्या घरीं समजलें.

आमचा नातू तेथें माध्यमिक शाळेंत आहे. वय वर्षें पंधरा. रात्रीं जेवतांना त्यानें सहज सांगितलें कीं, शाळेंत मुलांस सावध करण्यांत आलें आहे: कोणा अनोळखी माणसाचा मोबाइलवर निरोप आला, एका रात्रीच्या कामाचे पुष्कळ पैसे देतों म्हणाला, तर उत्तर न देतां घरीं सांगावें. तें काम म्हणजे बंदरांत चोरून शिरून कंटेनरांतून कोकेन काढून आणणें. असें काम करणारास डच भाषेंत ‘आउटहालर’, म्हणजे बाहेर काढणारा, असें म्हणतात. हीं पोरें कधीं कधीं रिकाम्या कंटेनरांत खाणें-पाणी घेऊन दिवसच्या दिवस दडून बसतात. २०२१ सालीं अशीं नऊ जणें आंत अडकून पडलीं आणि श्वास कोंडूं लागल्यावर त्यांनीं स्वतःच मदतीसाठीं फोन केला. १ जानेवारी २०२२ पासून बंदरांत विनापरवाना सांपडणें हाच गुन्हा ठरला असून त्यास एक वर्षापर्यंत कारावास आहे. असे शेकडों तरुण पकडले जातात, आणि त्यांत अल्पवयीन मुलेंहि असतात.

नातू हें सांगत होता आणि आमच्या सौभाग्यवतींचा हात वाढतां वाढतां थांबला. ज्या सहजतेनें आमच्या वेळीं मुलांस “नदीच्या डोहाकडे जाऊं नका” असें सांगत, त्या सहजतेनें तो बोलत होता. माल पकडला गेला तर चोरट्या व्यापाऱ्याचें थोडें नुकसान होतें. तो दुसरा पाठवितो. पोरगा पकडला गेला तरी तो दुसरा पोरगा पाठवितो. त्याच्या हिशेबीं दोहोंची किंमत सारखीच. आईबापांच्या हिशेबीं मात्र दुसरा पोरगा नसतो.

डच सरकारनें ही गोष्ट ओळखली आहे. २०२२ पासून तेथें एक योजना चालू असून रॉटरडॅमच्या दक्षिण भागासारख्या वस्त्यांत पोलीस, शिक्षक, समाजसेवक आणि पालक यांनीं एकत्र येऊन, वाकड्या वाटेकडे झुकणाऱ्या मुलांस वेळींच परत आणावें, असा तिचा उद्देश आहे. एकीकडे धाक, दुसरीकडे शिक्षण आणि काम. चाळीस वर्षें मुलांत घालविलेल्या आम्हांस यंत्रें आणि पाणबुडे यांपेक्षां हीच तटबंदी अधिक मोलाची वाटली. तिचें फळ टनांत मोजतां येत नाहीं, म्हणून वर्तमानपत्रांत तिचा गाजावाजा होत नाहीं, इतकेंच.

हें सर्व परदेशचें आहे, आपला त्याशीं काय संबंध, असें कोणास वाटेल. परंतु ऑक्टोबर २०२२ मध्यें आपल्या न्हावाशेवा बंदरांत दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या फळांच्या कंटेनरांत, हिरव्या सफरचंदांखालीं, सुमारें ५० किलो कोकेन सांपडलें. आपल्याकडे १९८५ चा कडक कायदा आहे, बंदरांवर दक्ष अधिकारी आहेत. त्यांनीं आपलें काम केलें. राहिलेलें काम कोणत्याहि सरकारी खात्याचें नाहीं. घरांतील मुलगा रात्रीं कोणाशीं बोलतो, त्याच्या हातीं अचानक पैसा कोठून आला, जेवणाच्या पंक्तीस तो कां येईनासा झाला, हें पाहण्यास घरांत आजोबा असतात, काकू असतात, थोरला भाऊ असतो. एकत्र कुटुंबाच्या अडचणी पुष्कळ आहेत. पण इतके डोळे एका मुलावर ठेवण्याची सोय दुसऱ्या कोणत्या व्यवस्थेंत आहे? मात्र ते डोळे नुसते पाळतीचे असूं नयेत. आमच्या नातवानें ती गोष्ट न भितां पंक्तींत सांगितली, यांतच त्याचें रक्षण होतें.