काट्याची पारख

अंबरनाथच्या पूर्वेस आनंदनगरची औद्योगिक वसाहत पसरली आहे. सकाळची पाळी सुरू झाली की तेथे लेथचा घुमणारा आवाज, कानशीचा करकराट आणि हातोड्याचे ठोके एकदमच कानी येऊ लागतात. ह्याच गावात, वालधुनी नदीच्या काठी, शके 982 मधील म्हणजे इ. स. 1060 मधील शिवालय उभे आहे. जुन्या पाथरवटाचे काम ओळंबा, गुण्या आणि दोरी ह्यांच्या आधाराने चाले. सूतभर चूक झाली तरी ती त्याच्या डोळ्यांना खुपे. मोटारीच्या चाकापाशी बसणाऱ्या आजच्या कारागिराला मात्र सूत हे फारच मोठे माप वाटते. त्याला केसाच्या जाडीएवढी चूक शोधून काढावी लागते, आणि ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

त्यासाठी जे उपकरण वापरतात त्याला डायल गेज म्हणतात. कारागिरांच्या तोंडी नुसते ‘डायल’. दिसायला ते खिशातल्या घड्याळासारखे असते आणि त्याच्या पोटातही घड्याळासारखीच दातेरी चाके असतात. खालचा दांडा 1 मिलिमीटर आत सरकला की मोठा काटा एक पुरता फेरा करतो. तबकडीवर 100 घरे असतात, म्हणून एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

वसाहतीतील एका लहानशा गॅरेजातले असे डायल हातून पडून बिघडले. काटा मध्येच अडकू लागला. गॅरेजचे वृद्ध मिस्त्री, ज्यांना सारेच काका म्हणत, त्यांनी आय. टी. आय. मधून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलाला नवे डायल आणायला सांगितले. मुलाने आधीच सारी चौकशी करून ठेवली होती.

“काका, मिलिमीटरचा हजारावा भाग दाखवणारे डायल मिळते. तेच घेऊ या. स्टँड हलक्यातला घेतला की पैशांत बसते.”

काका हसले. “अरे, सोनाराचा काटा घेऊन कोणी धान्याच्या वखारीत जातो का? चाकाचा हब आपण हाताने फिरवणार. तेवढ्याने बेअरिंग किंचित हलते, डिस्कवर यंत्राचे चरे असतात. तुझा तो काटा सारखा नाचत राहील, आणि आकडा कोणता घ्यायचा हेच तुला कळणार नाही. आपल्याला शंभरावा भाग पुरे. उरलेले पैसे स्टँडला घाल. स्टँड डळमळला तर सर्वांत महाग डायलसुद्धा खोटेच बोलणार.”

महाग ती वस्तू चांगली, हा समज काही केवळ तरुणांचाच नसतो. मुलगा थोडा हिरमुसला. पण दुकानात गेल्यावर त्याने काकांनी सांगितल्याप्रमाणे दांडा दहा वेळा उचलून हलकेच सोडला. प्रत्येक वेळी काटा त्याच घरावर परत येतो की नाही, हे त्याने पाहिले. पहिल्या डायलचा काटा दोनदा एक घर मागे राहिला. ते त्याने परत केले आणि दुसरे घेतले. त्याबरोबर भक्कम लोहचुंबकी स्टँड घेतला.

त्याच आठवड्यात एक टॅक्सीचालक गॅरेजात आला. ब्रेक दाबला की पायाखाली थरथर होई; माळशेज घाट उतरताना तर त्याचा जीव मुठीत असे. पुढच्या ब्रेकच्या डिस्क दोनदा बदलून झाल्या होत्या. काही हजार किलोमीटर गाडी नीट चाले आणि पुन्हा तेच. आता तिसऱ्यांदा नव्या डिस्क विकत घेऊन तो आला होता. गाडी उभी राहिली की त्या दिवसाची कमाई बुडे.

काकांनी चाक उतरवले, बेअरिंग सैल नाही ना हे हाताने हलवून पाहिले आणि नवी डिस्क नट आवळून हबवर बसवली. मुलाने स्टँड लावला आणि डायलचा दांडा डिस्कच्या कडेजवळ काटकोनात टेकवला. दांडा तिरपा झाला तर माप चुकते. डिस्क सावकाश फिरू लागली. काटा 12 घरे सरकला.

“काका, नवी डिस्कच वाकडी निघाली!”

“थांब. घाई करू नकोस.” जेथे काटा सर्वांत पुढे गेला होता तेथे काकांनी डिस्कवर आणि हबवर खडूने खुणा केल्या. मग डिस्क काढून, एक भोक पुढे सरकवून पुन्हा बसवली. काटा पुन्हा 12 घरे सरकला. पण उंच जागा डिस्कवरील खुणेपाशी नव्हती, ती हबवरील खुणेपाशीच राहिली होती. दोष डिस्कचा नव्हता.

डिस्क खाली उतरली तेव्हा हबच्या तोंडावर गंजाची पातळ खपली दिसली. ती एका बाजूला असल्यामुळे डिस्क तिरपी बसे. हबचा व्यास डिस्कच्या निम्मा असला, तर हबच्या कडेला 5 शतांश मिलिमीटर गंज म्हणजे डिस्कच्या कडेला 10 शतांश. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारे चाक सेकंदाला सुमारे 8 फेरे घेते. ब्रेक दाबलेला नसतानाही प्रत्येक फेऱ्यात डिस्कचा तोच भाग पॅडला घासत राही आणि हळूहळू झिजून पातळ होई. मग पाय थरथरे. डिस्क बदलल्या होत्या. खपली कोणी खरवडली नव्हती.

तारेच्या ब्रशने हबचे तोंड घासून, पुसून लख्ख केल्यावर डिस्क परत चढली. आता काटा 4 घरांतच फिरू लागला. गाडीच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेच्या तो बराच आत होता. दुसऱ्या चाकाचेही तसेच झाले. दुपारी टॅक्सीचालक गाडी घेऊन बदलापूरपर्यंत जाऊन आला. “पाय अगदी शांत आहे, काका,” एवढेच तो म्हणाला आणि लगेच भाडे घेण्यास निघून गेला.

संध्याकाळी मुलाने डायल हातात घेतले आणि दांड्याला लावण्यासाठी तेलाची बाटली उचलली.

“तेल नको रे,” काका म्हणाले. “त्याला धूळ चिकटते आणि काटा अडकतो. कोरड्या फडक्याने पूस, आणि डबीत ठेव.”