ओतीव लोखंड, ॲल्युमिनिअम आणि पाणी

कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेल्या प्रीमिअर पद्मिनीच्या १०८९ घन सेंटिमीटर इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, त्यावर बसणारे हेड ॲल्युमिनिअमचे आणि रेडिएटर तांबे-पितळेचा असून रेडिएटरचे सांधे कथील व शिसे यांच्या मिश्रणाने झाळलेले असतात. हे सारे धातू एकाच फिरत्या पाण्याला चिकटलेले असल्यामुळे, आणि त्या पाण्यात क्षार विरघळलेले असले की त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह वाहू लागत असल्यामुळे, कूलिंग सिस्टिम म्हणजे नकळत तयार झालेली एक बॅटरीच ठरते. त्या बॅटरीत सर्वाधिक झिजते ते ॲल्युमिनिअम. तांब्याचे विरघळलेले कण पाण्याबरोबर हेडवर जाऊन बसले की त्या जागी बारीक खड्डे पडू लागतात, आणि गॅस्केटच्या कडेला असा खड्डा पोहोचला की गाडी तापू लागते. दोष मात्र बहुधा उन्हाला आणि घाटाला दिला जातो.

या जातीच्या टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून बाद झाल्या असल्या, तरी हौसेने जपलेल्या पद्मिनी आजही चालत आहेत, आणि त्यांपैकी कित्येकांच्या रेडिएटरमध्ये नळाचेच पाणी असते. त्यामागचा समज साधा आहे: कूलंट हे बर्फ पडणाऱ्या मुलखासाठी, इथे त्याचे काय काम? हा समज अगदीच निराधार नाही, कारण एथिलीन ग्लायकॉल हा कूलंटमधील मुख्य द्रव विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात थंड देशांत पाणी गोठू नये म्हणूनच प्रचारात आला. अर्ध्यास अर्धे पाणी मिसळलेले ग्लायकॉल उणे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास गोठते आणि १०७ अंशांच्या आसपास उकळते. यांतील पहिल्या गुणाचा पुण्या-मुंबईत काही उपयोग नाही, दुसऱ्याचा थोडा आहे, आणि उष्णता वाहून नेण्याच्या बाबतीत तर निव्वळ पाणीच सरस ठरते. जुन्या गाडीला कूलंट हवे ते तिसऱ्याच कारणासाठी. त्यात अल्प प्रमाणात मिसळलेली गंजरोधक द्रव्ये प्रत्येक धातूवर संरक्षक थर धरतात, आणि कूलंटची खरी किंमत त्या द्रव्यांची असते.

ही द्रव्ये दोन प्रमुख घराण्यांतली असतात. जुन्या घराण्यात सिलिकेट, फॉस्फेट, बोरेट अशी खनिज द्रव्ये येतात. ती धातूवर लवकर थर धरतात, परंतु झपाट्याने खर्ची पडत असल्यामुळे गाडी कितीही कमी चालली तरी असे कूलंट साधारण दोन वर्षांनी बदलावे लागते. नव्या घराण्यात सेंद्रिय आम्लांचे क्षार असतात. त्यांचा थर हळूहळू बसतो पण पुष्कळ टिकतो, म्हणूनच अशा कूलंटवर पाच वर्षांची मुदत छापलेली आढळते. मात्र ही पाककृती प्रामुख्याने ॲल्युमिनिअमच्या रेडिएटरसाठी घडलेली असल्याने तांबे-पितळ आणि शिशाची झाळ असलेल्या गाडीला पहिल्या घराण्याचे कूलंटच अधिक मानवते. दीर्घ मुदतीचा मोह येथे आवरावा. रंगावरून निवड करणे तर सर्वथा चूक आहे, कारण हिरवा, लाल, निळा हे रंग उत्पादक आपापल्या मर्जीने घालतात. डब्यावर आयएस ५७५९ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का, आणि द्रव तयार मिश्रण आहे की पाणी घालायचे सांद्र आहे, एवढे वाचणे रंग पाहण्यापेक्षा मोलाचे. दोन घराण्यांची सरमिसळ करू नये. त्यातून कधीकधी चिकट साका बसतो आणि रेडिएटरच्या जाळीतल्या बारीक नळ्या तुंबतात.

पाण्याबाबत हयगय नको. दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचे क्षार असतात. चहाच्या भांड्यात जो पांढरा थर धरतो तोच हेडच्या आतल्या पोकळ्यांत धरतो, शिवाय हे क्षार फॉस्फेटशी संयोग पावून गंजरोधकच निकामी करतात. म्हणून डिस्टिल्ड वॉटर किंवा बॅटरीत घालायचे पाणीच वापरावे.

बदलण्याच्या कामाला इंजिन पूर्ण थंड असणे ही पहिली अट, कारण तापलेल्या रेडिएटरचे कॅप उघडताच दाब नाहीसा होऊन उकळते पाणी अंगावर उसळते. रेडिएटरखालचा कॉक उघडला की काम झाले असे समजणे ही नेहमीची चूक होय. ब्लॉकच्या बाजूला असलेला वेगळा ड्रेन प्लग उघडल्यावाचून तळाशी साठलेला तांबूस गाळ बाहेर पडत नाही, आणि तो प्लग वर्षानुवर्षे न हलल्यामुळे गंजाने आतून बुजलेला असला, तर तारेने टोकरावे लागते. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन शेवटची धार डिस्टिल्ड वॉटरची द्यावी. एवढे करूनही कानाकोपऱ्यांत बरेच पाणी उरतेच. तेव्हा मॅन्युअलमधील एकूण क्षमतेच्या निम्मे सांद्र कूलंट आधी ओतून मग उरलेली जागा पाण्याने भरावी, म्हणजे प्रमाण बिघडत नाही. याच वेळी काही गॅरेजांत थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन ठरावीक तापमानाला पोहोचल्यावरच रेडिएटरकडची वाट मोकळी करणारी झडप, काढून टाकण्याचा सल्ला मिळतो. तो मानू नये, कारण कायम गार राहिलेले इंजिन पेट्रोल जास्त पिते आणि लवकर झिजते.

बाहेर काढलेला द्रव गटारात सोडू नये वा उघड्या भांड्यात ठेवू नये. ग्लायकॉल चवीला गोड असून विषारी आहे, आणि कुत्र्या-मांजरांना व लहान मुलांना ती गोडी जीवघेणी ठरते.

नवे कूलंट भरल्यावर जुनी गाडी गळू लागली, तर दोष कूलंटचा नसतो. आजवर भेगा बुजवून बसलेला क्षार धुतला जातो आणि ग्लायकॉलयुक्त द्रव पाण्यापेक्षा बारीक फटींतून झिरपतो, एवढेच. होज पाइप क्लिपजवळ चिमटीत दाबून पाहावा; आत कुरकुर जाणवली तर रबर मेले असे समजावे. बाजूला वेगळी बाटली नसलेल्या रेडिएटरमध्ये पातळी गळ्याखाली दोन बोटे ठेवावी, कारण तापून फुगलेला द्रव अन्यथा नळीतून रस्त्यावर सांडतो. पहिले आठ दिवस रोज सकाळी इंजिन चालू करण्याआधी पातळी आणि वरच्या टाकीचा सांधा पाहावा. त्या सांध्यावर वाळलेला हिरवट-पांढरा ओघळ दिसला, तर खंडाळ्याचा घाट चढण्याआधी रेडिएटर उतरवून पुन्हा झाळून घ्यावा.