डिझेल कुठंय?

शिकाऊ म्हणून प्लॅस्टिकपासून तेल काढणाऱ्या शेडमध्ये गेले ती रिअ‍ॅक्टर बघायला. आमच्या पुस्तकात कॅटॅलिटिक पायरोलिसिस दीड पानात संपतं: प्लॅस्टिक हवाबंद भांड्यात तापवा, लांबलचक साखळ्या तुटतील, वाफ गार करा, तेल मिळेल. इथे मात्र हातात हातमोजे देऊन मला पिशव्यांच्या ढिगाशी बसवलं, प्लॅस्टिक निवडणाऱ्या मावशींच्या शेजारी.

दुधाची पिशवी घ्यायची, बाटलीचं झाकण घ्यायचं, बाटली मात्र नाही. का, ते मागून कळलं. पाण्याची बाटली पेट (PET) नावाच्या प्लॅस्टिकची. तिच्यात ऑक्सिजन असतो, तेल फारसं सुटत नाही आणि वाफेबरोबर आलेले घन पदार्थ नळ्यांत थिजतात. पीव्हीसी तर नकोच. त्यातून हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि लोखंड खातो. मावशी पिशवी नुसती चुरगाळायच्या, आवाज ऐकायच्या आणि बाजूला टाकायच्या. मला सगळे आवाज सारखेच वाटत. मग शेडमधल्या दादांनी पाण्याची बादली दिली: पॉलिथिन, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं; पेट, पीव्हीसी बुडतं. तरी शंका राहिली तर तापलेली तांब्याची तार प्लॅस्टिकला टेकवून ज्योतीत धरायची. हिरवी ज्योत म्हणजे क्लोरीन. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचं काय करायचं, यावर शेडमध्ये दोन मतं होती.

धुणं, वाळवणं, तुकडे करणं झाल्यावर एकदाचा रिअ‍ॅक्टर पेटला. आधी नायट्रोजन सोडून आतली हवा हाकलली. काटा चारशे अंशांकडे सरकला तरी नळीतून काही येईना, आणि मी दादांच्या तोंडाकडे बघत बसले. मुद्दाम कॅटॅलिस्टशिवाय घेतलेल्या पहिल्या घाण्यातून आलं ते पिवळट मेण, गार होताच घट्ट. झिओलाइट हा कॅटॅलिस्ट घातल्यावर पातळ तेल आलं. झिओलाइटच्या आम्लधर्मी, नॅनोमीटरहूनही अरुंद छिद्रांत साखळ्यांचे आणखी बारीक तुकडे होतात म्हणे. झिओलाइट वापरून संपत नाही, पण त्याच्यावर कार्बन बसतो. तो हवेत जाळून काढला की झिओलाइट पुन्हा कामाला लागतो. जो वायू गार करूनही तेल होत नाही, तो तिथल्याच बर्नरला जोडलेला.

"म्हणजे हे डिझेल?" तपकिरी, उग्र वासाची बाटली हातात धरून मी विचारलं. दादा हसले. यात पेट्रोल, रॉकेल, डिझेल या सगळ्यांच्या जातीचे रेणू एकत्र. हलक्या भागामुळे ते कमी तापमानालाच पेट घेतं, म्हणून गाडीत नाही, भट्टीत जाळायचं. डिझेल हवं तर ऊर्ध्वपातन आणि पुढची शुद्धी आलीच. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेने २०१९ मध्ये रोज एक टन प्लॅस्टिकपासून डिझेल करणारा संच उभारला, पण तेलाची शुद्धी करायची यंत्रणा तिथे आहे. आमच्याकडे पत्र्याची शेड.

आमच्या सोसायटीतले एक काका रोज विचारतात, गाडीत कधी घालायचं? त्यांना मी वर्गीकरणाबद्दल सांगते. ते घरची मिसळलेली पिशवी आणून देतात, आत चहाच्या चोथ्यासकट.

आता माझा प्रश्न वेगळाच आहे. भांड्याच्या तळाशी काळी भुकटी उरते. प्लॅस्टिकच्या रंगांतले, भरीच्या पदार्थांतले धातू तिच्यातच जमतात. तपासल्याशिवाय ती कुठे टाकायची नाही, एवढं दादा ठामपणे सांगतात. तपासणीचे पैसे कोणी द्यायचे, यावर मात्र शेडमध्ये दोनपेक्षा जास्त मतं आहेत.